घोडी सुरू होत नाही

४ एप्रिल, सोमवार

घोडी आज अडली. घोडी म्हणजे क्लबच्या मैदानावरचं गवत कापायचं मशीन, वर बसून चालवायचं. नाव दादाने ठेवलंय. मैदानाची सगळी देखभाल दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे. माणूस धिप्पाड, म्हणून मैदानावर त्याला सगळे पैलवान म्हणतात. मला मात्र तो अजून छोट्या म्हणतो, माझे केस पिकले तरी.

दुपारी घाम पुसत घरी आला. "छोट्या, किल्ली फिरवली की नुसती गप्प. टक् सुद्धा नाही."

आयुष्यभर मोटारी भरल्या मी. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, हा माझा धंदा. दुकान बंद करून दादा-वहिनींकडे राहायला आलो, पण हात अजून शिवशिवतात. मीटर घेऊन गेलो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली. गरम पाण्याने धुतली, काचकागदाने घासली, वर बसलो, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू! दादाने टाळ्या वाजवल्या. मी कॉलर ताठ केली.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "पुढच्या महिन्यात सामने आहेत. या वेळी मशीनने दगा दिला तर मला बाहेरचा कंत्राटदार आणावा लागेल. त्याचं मशीन नवं, माणसं त्याची. पैलवान, तुम्हीही आता जरा आराम करा की."

दादा हसला, पण परत येताना दोनदा मागे वळून मैदान बघितलं त्याने. मैदान गेलं तर हा माणूस घरात बसून खचेल, मला चांगलं माहीत आहे. घोडी चालू राहिलीच पाहिजे. ते काम आता माझ्याकडे.

५ एप्रिल, मंगळवार

सकाळी पुन्हा निरोप. गेलो, बसलो, किल्ली फिरवली, चालू. दादा बघतच राहिला.

"अरे, आत्ता नव्हती होत!"

"तू ब्रेक पूर्ण दाबत नाहीस. ब्रेक दाबल्याशिवाय ती सुरू होत नाही, किती वेळा सांगू?"

"छोट्या, हे मशीन मी तुझ्या आधीपासून ओळखतो."

"ओळखतोस तर मग मला कशाला बोलावतोस?"

मग दोघंही फुगून बसलो. वहिनींनी चहा आणला आणि दोघांच्या मधे ठेवला. म्हणाल्या, "घ्या, आता कपावरून भांडा."

९ एप्रिल, शनिवार

आज सोलेनॉइड बदललं. किल्लीतून येतो तो करंट बारीक, त्याने इंजिन फिरायचं नाही. तो फक्त सोलेनॉइडला हुकूम देतो, आणि मग सोलेनॉइड बॅटरीचा मोठा करंट सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटारीला, सोडतो. जुन्याचे आतले तांब्याचे ठिपके काळे पडलेले. हाच चोर, म्हटलं. भंगारवाल्याकडून त्याच मापाचं शोधून आणलं, त्यासाठी त्याचं अख्खं दुकान उलटंपालटं केलं. बसवून पाहिलं, पाच वेळा किल्ली फिरवली, पाचही वेळा चालू.

काम चालू असताना दुसऱ्याने सीटवर बसायचं नाही, हा माझा नियम. दुकानातही होता. दादा बिचारा बाजूला उभा राहून बघत होता. मधे मधे पायरीवर टेकत होता. वय झालं आता त्याचंही.

रात्री जेवताना त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. वहिनींनी विचारलं तर म्हणे, "घोडीच्या काळजीने भूक मेलीय." मी म्हटलं, घोडी झाली बरी, जेव आता. नाही जेवला.

११ एप्रिल, सोमवार

आता नवीनच थेर. चालता चालता बंद पडते. गोलपोस्टच्या मागे जमीन उंचसखल आहे, तिथे धक्का बसला की इंजिन फट्कन मरतं. सुटी तार! नक्की कुठेतरी सुटी तार. धक्क्याने हलते आणि करंट तुटतो. याहून सरळ लक्षण नाही.

दिवसभर मशीनखाली आडवा पडून एकेक तार ओढून पाहिली. पाठीचे बारा वाजले. एकही सुटी निघाली नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

आज मशीनला हात लावला नाही, पाठ धरलीय. दादा कमरेचा पट्टा घेऊन आला. "छोट्या, ड्रिलने एक भोक पाडून दे." मागच्या महिन्यातही एक पाडून दिलं होतं. हल्लीचं चामडं म्हणजे नुसता पुठ्ठा, ताणलं की सैल. आमच्या वडिलांचा पट्टा जन्मभर पुरला. दोन भोकं पाडून ठेवली, म्हणजे पुन्हा यायला नको.

१८ एप्रिल, सोमवार

शुक्रवारी पाहिलं, इंजिनाच्या अंगाला जिथे अर्थची तार कसलेली असते तिथे गंज होता. खरवडून लखलखीत केला. आणि काय सांगू, तेव्हापासून घोडी एकदाही अडली नाही! दादा रोज कापतोय. अर्ध्याहून जास्त मैदान झालं. सेक्रेटरीसुद्धा म्हणाले, "वा, तुमच्या भावाच्या हाताला गुण आहे."

अर्थची तार! शेंबड्या पोरालाही आधी तीच बघायचं सुचलं असतं आणि मी सोलेनॉइड बदलत बसलो.

दादाने मात्र एक खूळ काढलंय. पाने-हातोड्यांचा लोखंडी डबा मांडीवर घेऊन मशीन चालवतो. म्हटलं, हे काय? म्हणे, "वाटेत अडलीच तर अवजारं हाताशी हवीत." एवढा माझ्या कामावर विश्वास!

२१ एप्रिल, गुरुवार

आज तो डबा काढून घेतला. झाकण नीट लागत नाही त्याचं, एखादा पाना उडून पात्यात गेला तर माणसाचा डोळा जायचा. दादा म्हणाला, "असू दे रे." मी ऐकलं नाही. सुरक्षेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डबा घरी आणून पलंगाखाली सरकवला.

संध्याकाळी वहिनी दादाची पँट कमरेत आत घेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जरा बघा हो."

"बघितलं की. अर्थची तार होती. आता काही होत नाही."

"मशीनचं नाही म्हणत मी." मग सुई तोंडात धरली. वहिनींचं हे असंच, अर्धं बोलायचं आणि अर्धं आपण ओळखायचं. मला नाही जमत.

२२ एप्रिल, शुक्रवार

घोडी बंद. सकाळपासून. अर्थ ठीक, फ्यूज ठीक, बॅटरी ठीक. मी बसलो, चालू. दादा बसला, बंद. डोकं फिरायची वेळ आली.

२३ एप्रिल, शनिवार

आज सेक्रेटरींसमोर शोभा झाली. दादा किल्ली फिरवतोय आणि घोडी ढिम्म. पोरांना फुटबॉल शिकवणारा मास्तर तिथेच होता, हत्तीएवढा माणूस. म्हणाला, "उतरा पैलवान, मी बघतो." तो बसला, आणि चालू! सगळे हसले. दादाही हसला.

घरी आल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, "मी बसलो की चालू होते, मास्तर बसला की चालू होते. दोष मशीनमध्ये नाही दादा, दोष तुझ्यात आहे."

मला वाटलं, आता भांडेल. तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "असेल."

एवढंच. बुटाची लेस सोडायला वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. वहिनींनी येऊन लेस सोडली.

सेक्रेटरींनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर कंत्राटदार.

२५ एप्रिल, सोमवार

लिहायला हात उठत नाही. पण लिहितो.

सकाळी ठरवलं, आज नियम मोडायचा. दादाला सीटवर बसवायचं आणि त्याच्या हाताखाली घोडी कुठे अडते ते तारेमागून तार बघायचं. त्याला म्हटलं, तू फक्त ब्रेक दाबून किल्ली धरून ठेव. मी खाली मीटर घेऊन बसलो. बॅटरीपासून किल्लीपर्यंत करंट आहे. ब्रेकच्या बटणातून पुढे जातोय, म्हणजे ब्रेक तो नीट दाबत होता. पात्याच्या बटणातून पुढे जातोय. तिथून तार सीटखाली जाते. सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की सीट दोन स्प्रिंगांवर खाली दबते आणि ते बटण दाबतं. मग मशीनला कळतं की माणूस बसलाय, आणि करंट पुढे जातो. बसणारा खाली पडला तर सीट वर येते आणि इंजिन बंद होतं.

बटणापर्यंत करंट होता. बटणाच्या पलीकडे काही नाही.

मी उठलो. म्हटलं, बटण खराब. दादाच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. सेल्फ गरगर फिरला, घोडी सुरू झाली. हात काढला, बंद पडली. पुन्हा दाबलं, चालू. पुन्हा काढला, बंद.

हाताखाली सदरा होता आणि सदऱ्याखाली हाड. पैलवानाचा खांदा माझ्या मुठीत मावत होता.

मी मीटरचे काटे बघत राहिलो महिनाभर. त्याच्याकडे नाही बघितलं. दोन भोकं पाडून दिली पट्ट्याला, या हातांनी. चामड्याला शिव्या दिल्या.

दादा म्हणाला, "सापडलं का रे?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"डबा मांडीवर घेतला की सुरू व्हायची. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही दोघांनी दवाखान्यात नेलं असतं. आणि सामने तोंडावर आलेत."

मी तिथेच गवतात बसलो. तोच मला म्हणाला, "उठ छोट्या, लोक बघतायत."

मग त्या डब्यासारखीच वाळूची एक पिशवी शिवून त्याच्या मांडीला बांधली आणि सेक्रेटरींना मशीन चालवून दाखवलं. त्यांनी कंत्राटदाराला नको म्हणून कळवलं. संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना भावजी." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३० एप्रिल, शनिवार

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. पोटात गाठ आहे, आणि यकृतापर्यंत गेली आहे. कापून उपयोग नाही. औषधं देऊ, दुखणं कमी ठेवू. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "महिन्याभराने फारसा फरक पडला नसता." माझं मन राखायला म्हणाल्या की खरं ते देव जाणे.

दादाने एकच विचारलं, "मशीनवर बसता येईल ना?"

त्या म्हणाल्या, "झेपेल तोवर बसा."

वहिनी बाहेर बाकावर बसून राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

२ मे, सोमवार

दादा म्हणतो, "वाळूची पिशवी पायाला लागते, रग लागते. बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाक ना. पाच मिनिटांचं काम."

खरंच पाच मिनिटांचं काम. भले भले कारागीर करतात. पण मग चक्कर येऊन हा खाली पडला तर पाती फिरतच राहतील. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "आता मला काय होणार आहे त्याने?" मी म्हटलं, "तुला नाही. मला होईल."

त्याने पिशवीची दोरी जरा सैल करून घेतली.

४ मे, बुधवार

डोक्यात आलं ते असं. बटण बरोबर आहे. माणूसही आहे तसाच आहे. सीटखालच्या स्प्रिंगा मात्र जुन्या पैलवानाच्या मापाच्या आहेत. त्या हलक्या करायच्या.

आयुष्यभर तार गुंडाळली, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. स्प्रिंगची तार आणली, मूळच्या तारेहून जरा बारीक. सळईवर वेढे घालून दोन स्प्रिंगा केल्या. बसवल्या. दादा बसला, किल्ली फिरवली, चालू. उठला, बंद. नेमकं हवं तसं.

"अरे, ओळखलं की हिने!" दादा म्हणाला. एवढा खूश झाला की दोन फेऱ्या जास्त मारल्या. वहिनी कुंपणाच्या कडेने बरोबरीने चालत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मला चालायला सांगितलंय डॉक्टरांनी." कुणी सांगितलेलं नाही.

२१ मे, शनिवार

सामने सुरू झाले. मैदान असं दिसत होतं की पाऊल टाकायला जीव होऊ नये. सेक्रेटरींनी माइकवरून पैलवानांचं नाव घेतलं. दादाला उभं राहायला मी हात दिला. लोकांना वाटलं, भावांचं प्रेम.

बुधवारी स्प्रिंगा पुन्हा बदलल्या होत्या. आधीपेक्षा एक नंबर बारीक तार.

१० जून, शुक्रवार

आणखी एक नंबर बारीक. आता मी वजनकाटा बघत नाही. स्प्रिंगच सांगते. पहिली मूळची जोडी, दुसरी, तिसरी, सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. रोज सकाळी अर्धा तास मैदान, मग घरी येऊन झोप. कापायला गवत नसलं तरी जातो. पाती बंद ठेवून नुसता फिरतो.

आज विचारलं त्याला, भीती वाटते का? म्हणाला, "रात्री वाटते. घोडीवर नाही वाटत." मी तिथे रडलो नाही. इथे लिहिताना रडतोय.

३ जुलै, रविवार

दहा दिवस अंथरुणातच होता. आज सकाळी म्हणाला, "छोट्या, एकदा ने."

मी तयारीत होतो. गेल्या आठवड्यात सगळ्यात बारीक तारेची जोडी करून ठेवली होती. ती बसवली तेव्हा रिकामी सीट जेमतेम बोटभर वर राहिली. याहून हलकी केली तर सीट स्वतःच्याच वजनाने बसेल. म्हणजे याच्या पुढची स्प्रिंग नाही.

मास्तरने दादाला अलगद उचलून सीटवर ठेवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. पाती बंदच. किल्ली त्यानेच फिरवली. तिने क्षणभर विचार केला, आणि सुरू झाली.

अख्खं मैदान फिरलो, चालत्या माणसाच्या वेगाने. गोलपोस्टच्या मागे उंचसखल जागा आली, तर दादा म्हणाला, "इकडून नको, इथे मरते ती." वळसा घालून गेलो. वहिनींनी त्याच्या मांडीवर हात ठेवला होता. दाबत नव्हत्या हं. मी नीट बघत होतो. नुसता ठेवला होता.

उतरताना सीटवर थाप मारली त्याने. म्हणाला, "चांगली स्प्रिंग केलीस." उभ्या जन्मात त्याने माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं.

१५ जुलै, शुक्रवार

दादा गेला. पहाटे. वहिनी जवळ होत्या, मी पाणी आणायला उठलो होतो.

१९ जुलै, मंगळवार

सेक्रेटरी घरी येऊन बसून गेले. भला माणूस आहे, डोळे पुसत होता. नवा माणूस नेमलाय, उद्यापासून येईल. जाताना हळूच म्हणाले, "मशीन एकदा बघून ठेवाल का?" मी म्हटलं, ठेवतो. ठेवायलाच हवं. त्या नाजूक स्प्रिंगांवर दुसऱ्या कुणाला बसू देता येणार नाही.

पत्र्याचा डबा घेऊन निघालो. वहिनी म्हणाल्या, "मी येते." नको म्हटलं तरी आल्या.

शेडमध्ये घोडी आमची वाट बघत उभी होती. सवयीने आधी तपासणी केली. पाती बंद, ब्रेक अडकवलेला. बाजूला उभं राहून किल्ली फिरवली. सीटवर कुणी नव्हतं. ती सुरू व्हायला नको होती.

सुरू झाली.

बारीक तार, पंधरा दिवसांत दमली. सीट खाली बसून बटण दाबलं गेलं होतं. कारण एवढंच. दुकानात एखाद्या पोराने असं काम केलं असतं तर मी त्याला झापलं असतं. माणूस नसताना चालणारं मशीन म्हणजे जीवघेणं. लगेच बंद करायला हवं होतं.

नाही केलं. वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. रिकाम्या सीटकडे बघत म्हणाल्या, "भावजी, असू दे थोडा वेळ." मग आम्ही दोघं उभे राहिलो, ती फडफडत राहिली. गवताचा वास आला. वहिनी मोठ्याने रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. इंजिनाच्या आवाजात बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल. मीही रडून घेतलं.

मग किल्ली बंद केली. बारीक स्प्रिंगा काढल्या आणि वहिनींच्या हातात दिल्या. डब्यातली मूळची जोडी बसवली. सीट चांगली वर आली, टणक. तळहाताने दाबून पाहिली, जोर लागला.

पुन्हा बाजूला उभं राहून किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही.

वहिनींनी विचारलं, "झालं का हो बरोबर?"

म्हटलं, झालं. सीटवर कुणी नाही, कळलं तिला.